चौतिसावं वचन आणि माझे तीन बुधवार

आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बायबल अभ्यास असतो. गेल्या पावसाळ्यात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा (बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राचा) 24 वा अध्याय माझ्या वाट्याला आला. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "चौतिसाव्या वचनाला जरा जपून." का, ते घरी वाचल्यावर कळलं. मंदिराचा नाश, लढाया, दुष्काळ, सूर्य काळवंडणं, 'मनुष्याच्या पुत्राचं', म्हणजे स्वतःचं, मेघांवरून येणं, एवढं सगळं सांगून येशू म्हणतो की हे होईपर्यंत 'ही पिढी' नाहीशी होणार नाही. ऐकणारे तर कधीच मातीआड झाले!

पहिल्या बुधवारी माझी तयारी कच्ची होती, त्यामुळे सभा एका काकांनी ताब्यात घेतली. त्यांच्या बायबलच्या समासात पेन्सिलीने बेरीज मांडलेली. त्याच अध्यायात येशू दाखला देतो, अंजिराला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला असं समजता, तसंच हे. काकांच्या हिशेबात अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, पालवी म्हणजे 1948 साली झालेलं राष्ट्र, आणि पिढी म्हणजे 40 वर्षं. 1988 वर फुली. खाली स्तोत्र 90 मधल्या आयुष्याच्या हिशेबाने 70 मिळवून 2018, त्यावरही फुली. मग 80 मिळवून 2028. मला हसू आलं नाही. त्या फुल्यांमध्ये एका माणसाची सगळी उमेदीची वर्षं होती.

मग आठवडाभर मी तेच घेऊन बसलो. लूकच्या 21 व्या अध्यायात हाच दाखला आहे, पण तिथे येशू अंजिराबरोबर 'इतर सर्व झाडं' पाहायला सांगतो. सगळ्याच झाडांना पालवी फुटते म्हटल्यावर एकट्या अंजिराचं राष्ट्र कसं करायचं? बेरीज तिथेच ढासळली.

दुसरा मार्ग 'पिढी'चा अर्थ बदलण्याचा. मूळ ग्रीक शब्द 'गेनेआ'. त्याचा अर्थ 'वंश' घ्या, म्हणजे यहुदी वंश टिकून राहील, असं काही जण सांगतात. सोय छान आहे. पण मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात अब्राहामापासून दाविदापर्यंत ज्या चौदा पिढ्या मोजल्यात, तिथे हाच शब्द आहे. आणि 23 व्या अध्यायाच्या अखेरीस शास्त्री-परूशी या यहुदी धर्मपुढाऱ्यांवर ताशेरे ओढताना येशू 'या पिढीवर' म्हणतो, तेव्हा समोर उभी असलेलीच माणसं त्याच्या मनात आहेत. एका पानानंतर शब्दाने कूस बदलली, हे मला पटेना.

मग उरतं साल. येशूचं हे बोलणं साधारण इ.स. 30 सालच्या आसपासचं. 70 साली टायटसच्या रोमी सैन्याने यरुशलेम घेतलं आणि मंदिर जाळलं. एक पिढी. शिष्यांचे प्रश्नही दोन होते, मंदिराचं कधी आणि तुमच्या येण्याचं चिन्ह काय. माझ्या नजरेला खरं पडलं ते एक क्षुल्लक सर्वनाम. चौतिसाव्यात 'ही पिढी', आणि दोनच वचनांनंतर 'त्या दिवसाविषयी' कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. 'ही' जवळचं, म्हणजे मंदिराचं; 'त्या' लांबचं, म्हणजे येशूच्या येण्याचं. आपण रोज बोलतो तसंच, आणि ग्रीकमध्येही तसाच फरक आहे.

तिसऱ्या बुधवारी हे मांडलं तेव्हा काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग एकोणतिसाव्या वचनाचं काय, बाबा? संकटानंतर लगेच सूर्य काळवंडेल म्हणतो ना?" मी यशयाचा 13 वा अध्याय काढला. बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) पाडावालाही तारे आणि सूर्य असेच काळवंडतात, म्हणजे ही संदेष्ट्यांची भाषा आहे. दानिएलाच्या सातव्यात मनुष्याचा पुत्र मेघांवरून पृथ्वीवर उतरत नाही, तर पुराणपुरुषाकडे, म्हणजे देवाकडे, जातो, हेही दाखवलं. काकांनी मान डोलावली. मग एकतिसाव्या वचनावर बोट ठेवलं. "आणि कर्णा वाजवून निवडलेल्यांना चारही दिशांनी गोळा करणारे दूत? ते 70 साली कुठे आले?"

ते शुभवर्तमान पसरवणारे निरोपे, असं एक उत्तर मी वाचलं होतं. तेव्हा तोंडातून निघेना, कारण मलाच ते ओढूनताणून वाटत होतं. मी तसं सांगून टाकलं.

तोवर काकूंनी चहा आणला. काकांनी पेन्सिल काढली आणि एकतिसाव्या वचनाशेजारी प्रश्नचिन्ह काढलं. 2028 वर फुली काही मारली नाही.