तुम्ही विचारलंत म्हणून: नवतपात पहाटे बाहेर काय ठेवलंय?

"घरात कूलर असताना, या वयात, नवतपात पहाटे पाचला बाहेर काय ठेवलंय?" पुण्याची नणंद विचारते, खालच्या मजल्यावरच्या सूनबाई विचारतात, भाऊ तर विचारत नाही, रागावतोच. नवतप म्हणजे मे अखेरीस सुरू होणारे, सगळ्यात तापलेले म्हणतात ते नऊ दिवस. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी फिरली तेव्हा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. तो आकडा यंत्राच्या बिघाडाचा निघाला; हे सांगायला मात्र कुणी फोन केला नाही. २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं. आम्हाला तेवढं पुरतं.

तर बाहेर काही ठेवलेलं नाही. गच्चीवरच्या परळांत पाखरांसाठी पाणी भरते, मोगरा तोडते, मग अंबाझरीच्या बांधापर्यंत नाहीतर सेमिनरी हिल्सकडे चालत जाते. तिथे बहावा फुललेला असतो. एखाद्या दिवशी परतताना पोहे, तर्री बेतानं. सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, सातच्या आत मी घरात, आठला खिडक्या बंद. हवा गार असते असं मी कधीच म्हटलेलं नाही. नवतपात पहाटेही पारा तिशीच्या आसपास रेंगाळतो. पण उघड्यावर घाई न करता उभं राहता येईल अशी दिवसातली तेवढीच वेळ, आणि ती मला आवडते. यापलीकडे कारण लागतं का?

तुम्हाला लागतं, कारण तुमच्या मनात आई असते. ते कुणी तोंडानं बोलत नाही, म्हणून मीच बोलते.

आईला ऊन लागलं ते मुगवड्यांपायी, असं नात्यात अजून चालतं. त्या पहाटे तिनं गच्चीवर मुगवड्या घातल्या, हे खरं. डाळ मीच वाटून दिली होती. साडेसहाला ती खाली आली, चहा घेतला, पेपर वाचला, मीठ कमी पडलं म्हणून माझ्याशी भांडलीसुद्धा. मग दुपारी लाईन गेली. आमच्या खोल्या सगळ्यात वरच्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली आग सोडतो, त्यामुळे त्या आठवड्यात तिला धड झोपच नव्हती. कूलर बंद पडला तसा खोलीतला वारा मेला. पाणी दिलं तर म्हणे, तहान नाही. म्हाताऱ्या माणसांना तहान कळतच नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. चारच्या सुमारास तिनं मला विचारलं, "पोट्टे शाळेतून आले का वं?" घरात शाळेत जाणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, थट्टा करून राहिली. हात लावला तर अंग भट्टीसारखं, आणि घामाचा थेंब नाही. चादर ओली करून गुंडाळली, पुठ्ठ्यानं वारा घातला, शेजाऱ्यांनी ऑटो आणला. वाटेत ती मला ओळखत नव्हती.

ती वाचली. भाऊ आला, त्यानं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला विचारलंत तर ऊन तिला घरात लागलं, पलंगावर, पडदे ओढलेल्या खोलीत. पण कुलूप लागलं ते गच्चीला.

पुढच्या उन्हाळ्यांत ती पाचला उठायची आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर, त्या दाराला पाठ टेकून बसायची. "काहून वं, मी काय चोरी केली?" मी किल्ली दिली नाही. एकदा उष्माघात झालेल्या माणसाला ऊन पुन्हा लवकर बाधू शकतं, हे मी तिला आणि स्वतःला ऐकवायची. आता मनात म्हणते, अगं, पाचला ऊन कुठं असतं? तेव्हाची मी लगेच उलटून विचारते, आणि साडेसहाला तिला खाली कोण आणणार होतं? वड्यांचं शेवटचं ताट संपल्याशिवाय ती कधी उठली होती का? याला माझ्याकडे उत्तर नाही. भाऊ बरोबर होता असं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

नणंदेच्या मते माझं फिरणं म्हणजे प्रायश्चित्त. वन्सं, तसं काही नाही. आई धडधाकट असतानाही मी जात होतेच, तुम्ही विचारत नव्हता एवढंच. हां, मुगवड्या मी घालत नाही, इतवारीतून विकत आणते. त्याचा अर्थ तुम्हाला काय लावायचा तो लावा.

आणि "घरातच बस" म्हणणाऱ्यांनी एकदा जूनमध्ये यावं. पहिली सर पडून गेली की दमट हवेत कूलर नुसता ओला वारा फेकतो, अंग चिकचिक करतं, आणि तेव्हा हेच सगळे सूनबाईंसकट गच्चीवर सतरंज्या घेऊन येतात. किल्ली माझ्याकडेच मागतात.