बुधवारचं जेवण आणि मे महिन्यातलं रक्त

२०२२च्या मे महिन्यात माझी धाकटी जाऊ बाळंत झाली आणि त्या रात्री तिचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी चार पिशव्या रक्त सांगितलं, गट बी निगेटिव्ह. जिल्ह्याच्या गावातल्या रक्तपेढीत या गटाची एकच पिशवी शिल्लक होती. मी तालुक्याच्या गावात औषधांचं दुकान चालवते, अर्ध्या गावाचे आजार मला तोंडपाठ आहेत, पण त्या रात्री अकरा वाजता फोन कुणाला करायचा हे मला कळत नव्हतं. कुणी लग्नाला गेलेलं, कुणी कोकणात, कुणाला स्वतःचा रक्तगटच माहीत नाही. शेवटी दीर आमच्या पेठेतल्या बी-बियाण्यांच्या दुकानाच्या काकांच्या घरी गेले. काकांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली आणि फोन लावायला सुरुवात केली. दीड तासात, त्यातला पाऊण तास तर रस्त्यातच गेला, रक्तपेढीच्या दारात तीन माणसं उभी होती. एक गॅरेजवाला, एक बँकेतला कॅशियर आणि एका हॉटेलमालकाचा मुलगा. तिघंही घरच्या कपड्यांत. यातल्या एकालाही माझी जाऊ कोण हे माहीत नव्हतं.

पहाटेपर्यंत रक्त तपासून, जुळवून मिळालं. जाऊ वाचली. आठ दिवसांनी पेढे घेऊन काकांच्या दुकानात गेले तेव्हा विचारलं, "काका, इतक्या रात्री तुमच्या एका फोनवर हे लोक निघाले कसे?"

"अहो ताई, दर बुधवारी एका पंगतीला बसतो आम्ही. नाही कसं म्हणतील?"

अशी माझी रोटरीशी, म्हणजे वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांच्या त्या सेवाभावी क्लबाशी, ओळख झाली. त्याआधी मला रोटरी म्हणजे चौकातल्या बाकावर कोरलेलं दातेरी चाक एवढंच माहीत होतं.

काकांनी मला दोन बुधवार पाहुणी म्हणून नेलं. मग रीतसर अर्ज. त्यात व्यवसायाचा रकाना असतो, त्याला 'क्लासिफिकेशन' म्हणतात. एकाच धंद्याच्या माणसांनी क्लब भरून जाऊ नये हा त्यामागचा विचार. काका सूचक, एक बालरोगतज्ज्ञ अनुमोदक. बोर्डाने मंजुरी दिली, माझं नाव सगळ्या सभासदांना कळवलं, कुणी हरकत घेतली नाही. सप्टेंबरमध्ये मला सभासदत्वाची पिन लावली. त्या वेळी क्लबात माझ्यासकट चौघी बायका होत्या. १९८९पर्यंत जगभरातल्या रोटरी क्लबांच्या नियमांत सभासद म्हणजे पुरुषच, हे मला पिन लागल्यावर समजलं. आपण मागाहून उघडलेल्या दारातून आलोय, तेव्हा इथे नीट काम करायचं, असं मी मनाशी ठरवलं.

पहिले तीन-चार महिने मात्र मी नाराज होते. साडेसातची सभा आठला सुरू व्हायची. घंटा, प्रार्थना, फोर वे टेस्ट म्हणजे रोटरीची चार प्रश्नांची कसोटी, सेक्रेटरीच्या सूचना, वाढदिवसांचे गुच्छ, पाहुण्याचं भाषण, आभार. आणि मग 'फेलोशिप', म्हणजे जेवण. पिठलं-भाकरी, कधी मिसळ, कधी कुणाच्या घरचे उकडीचे मोदक, आणि दहा-साडेदहापर्यंत गप्पा. द्राक्षाचे भाव, पोरांच्या सीईटी, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मी दुकान मदतनिसाच्या हाती सोपवून आलेली असायचे, घरी सासूबाई जेवायच्या थांबलेल्या. मला वाटायचं, सेवेसाठी जमलोय ना आपण? मग काम कुठे आहे?

एकदा हे मी निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना बोलून दाखवलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, सुरुवातच तिथून आहे. २३ फेब्रुवारी १९०५ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्रांना जमवलं. तो लहान गावात आजी-आजोबांकडे वाढलेला, मोठ्या शहरात एकटा पडला होता. गावातल्यासारखे स्नेही हवेत एवढीच त्याची इच्छा. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात व्हायची, म्हणून नाव रोटरी. सार्वजनिक काम नंतर आलं, आणि ते तरी काय? शहरात स्वच्छतागृह हवं म्हणून केलेली खटपट. "आधी ओळख झाली, मगच त्यांना शहराची अडचण दिसली," असं सर म्हणाले. मला ते तेव्हा पटलं नाही. मे महिन्यात पटलं.

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. एप्रिल-मेपर्यंत पदाधिकारी थकलेले असतात, हिशोब आवरायच्या घाईत असतात. तरीही मी बोर्डापुढे म्हटलं की रक्तदान शिबिर मेमध्येच घ्यायचं. कॉलेजं बंद, लोक गावाला, ऊन मी म्हणतंय; रक्त तेव्हाच संपतं. अध्यक्ष म्हणाले, "मग प्रोजेक्ट चेअरमन तुम्हीच." तारीख ठरली, रविवार १४ मे २०२३.

सगळ्यात आधी रक्तपेढीत गेले. तिथल्या तंत्रज्ञांनी विचारलं, "ताई, आकडा किती धरलाय?" मी शंभर म्हणाले. त्यांनी मान हलवली. "पन्नास-साठच्या वर नको. आणि ऑगस्टमध्ये परत बोलवा." मग त्यांनी समजावलं. तांबड्या पेशी दोन ते सहा अंशांत ठेवल्या तरी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. प्लेटलेट्स तर अवघे पाच दिवस. कुणाच्या वाढदिवसाला एकाच दिवशी जिल्ह्यात चार-चार शिबिरं होतात, फ्रिज भरून वाहतात, आणि पुढे पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट आले की प्लेटलेट्ससाठी नातेवाईक रडत फिरतात. शिबिराचा फलक रंगवताना आपण 'किती' एवढंच बघतो. रक्तपेढीला 'कधी' हवं असतं. प्रत्येक क्लबाने, मंडळाने शिबिराची तारीख ठरवण्याआधी एकदा रक्तपेढीत जाऊन हे विचारावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरा प्रश्न भेटवस्तूचा. बोर्डात दोघातिघांनी सांगितलं की हल्ली हेल्मेट किंवा जार दिल्याशिवाय तरुण येत नाहीत. मी विरोध केला. रक्ताच्या बदल्यात वस्तू मिळणार असली की माणूस आपला आजार लपवतो, कावीळ होऊन गेलेली सांगत नाही. स्वेच्छा रक्तदानाचं धोरणही अशा आमिषाच्या विरोधात आहे. वाद बराच झाला. शेवटी बालरोगतज्ज्ञ म्हणाले, दर बुधवारी आपण चार प्रश्न म्हणतो, त्यातला दुसरा काय, तर हे सर्व संबंधितांना न्याय्य आहे का? ज्याला ती पिशवी चढणार तोही संबंधितच ना? भेटवस्तू रद्द झाली. चहा, केळं, बिस्किटं आणि प्रमाणपत्र, बस.

जागा मिळेना. मे म्हणजे लग्नसराई, एकही मंगल कार्यालय मोकळं नाही. सुट्टी असल्याने शाळेचे वर्ग मिळाले, पण निम्मे पंखे बंद. गॅरेजवाल्या दादांनी आदल्या रात्री एकेक पंखा उतरवून कंडेन्सर बदलले. मंडपवाल्याकडून गाद्या आणि स्वच्छ चादरी, हॉटेलमालकाकडून चहाचा थर्मास, वीज गेली तर म्हणून एकाचा जनरेटर. यातलं काहीच मला कुणाकडे मागावं लागलं नाही. मी बुधवारी ताटावर बसून अडचण सांगितली आणि वाटीतली आमटी संपायच्या आत ती कुणीतरी उचललेली असायची.

माझी चूक तारखेत झाली. १३ तारखेला शेजारच्या मोठ्या गावची यात्रा होती, रात्री छबिना, दुपारी कुस्त्यांचं मैदान. मी माहेरची दुसऱ्या तालुक्यातली, यात्रेचं पंचांग मी कुणाला विचारलंच नव्हतं. रविवारी सकाळी रक्तपेढीची गाडीही तासभर उशिरा आली. साडेदहा वाजेपर्यंत चार दाते. पाच खाटा मांडलेल्या, चार रिकाम्या. मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा ती वही काढली आणि पानं फाडून वाटली. कागद हातात पडताच एकेक जण फोन घेऊन वर्गाच्या कोपऱ्यात गेला. सर त्यांच्या जुन्या स्कूटरवर बसून निघाले. बहात्तर वर्षांचा माणूस भर उन्हात घरोघर गेला आणि यात्रेहून उशिरा येऊन झोपलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना नाव घेऊन उठवत सुटला. आधी पोटभर नाश्ता करा, भरपूर पाणी प्या, मग या, असं बजावून. साडेअकरानंतर रांग लागली. रात्रभर जागलेल्यांना मात्र डॉक्टरांनी परत पाठवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती काळजी घ्यायलाच हवी. संध्याकाळपर्यंत ५२ पिशव्या झाल्या.

पण त्या दिवसाचा जो आकडा माझ्या मनातून जात नाही तो वेगळाच आहे. रक्त देण्यासाठी ३१ बायका आल्या. त्यातल्या नऊच जणी देऊ शकल्या. दात्याचं हिमोग्लोबिन निदान १२.५ लागतं. तपासणी साधी असते. काचेच्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी, त्यात बोटातल्या रक्ताचा एक थेंब. थेंब तळाला गेला तर रक्त देता येतं, तरंगला तर नाही. काका हेच मोरचूद द्राक्षबागांच्या बोर्डो फवारणीसाठी पोत्यांनी विकतात. एकेकीचा थेंब वर तरंगत राहायचा आणि ती ओशाळून हसायची. "सकाळपासून काही खाल्लं नाही, म्हणून असेल," म्हणायची. खाल्लं नाही हे खरं होतं, पण एका सकाळचं नव्हतं ते. कॉलेजातली एक मुलगी हौसेने मैत्रिणींना घेऊन आलेली. यंत्रावर पुन्हा मोजलं तर ९.४.

माझाही थेंब तरंगला. ११.२. रोज दुकानात लोहाच्या गोळ्या विकणारी मी.

त्या बुधवारी मी जेवणाच्या वेळी नाही, सभेतच उभी राहिले आणि तो ३१ आणि ९चा हिशोब मांडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१च्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, तोही सांगितला. पण सभा हलली ती आपल्याच शाळेतल्या त्या नऊच्या आकड्याने. जुलैत नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी पहिलंच काम हे घेतलं. हिमोग्लोबिन मोजायची दोन यंत्रं, पट्ट्या आणि तीन डॉक्टर सभासद. आम्ही कॉलेजात बसलो, सोमवारच्या आठवडी बाजारात भाजीवाल्या बायकांमध्ये बसलो, द्राक्षाच्या पॅकहाऊसवर जाऊन बसलो. कमी असेल तिला डॉक्टर तपासून गोळ्या लिहून द्यायचे. माझ्याकडे समजावण्याचं काम होतं. गोळी चहाबरोबर नको, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्या. शौचाला काळं होईल, घाबरून बंद करू नका. आणि घरात सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते खायचं, हे आधी बंद करा. हे शेवटचं सांगताना काही जणी माझ्याकडे बघायच्याच नाहीत. मग मी माझा आकडा सांगायचे, आणि त्या बोलू लागायच्या.

ऑगस्टात रक्तपेढीच्या सांगण्यावरून दुसरं शिबिर झालं, ३८ पिशव्या. आकडा कमी, म्हणून फोटोपुरते आलेले काही जण नाराज झाले. तंत्रज्ञांनी मात्र स्वतः फोन करून सांगितलं की त्यातल्या प्लेटलेट्स चार दिवसांत वापरल्या गेल्या.

पुढच्या मेमध्ये तारीख ठरवताना मी आधी देवस्थानच्या पुजाऱ्यांना विचारलं. १९ मे २०२४. काकांना पासष्ट पूर्ण झालेली, त्यांना आता रक्त देता येत नाही. त्यांनी नोंदणीचं टेबल घेतलं. त्यांच्यासमोर ती वही होती, आता तिच्यातली अर्धी पानं माझ्या अक्षरातली. गेल्या वर्षीच्या बावीस जणींपैकी चौदा जणी परत आल्या, ९.४ची ती मुलगी ११.८वर पोचलेली. अजून नाही, पण तिने स्वतःच सांगितलं, "मॅडम, ऑगस्टला येते."

माझी पाळी आली. तंत्रज्ञांनी बोट टोचलं, मोरचुदाच्या निळ्या पाण्यात थेंब सोडला. काका नोंदणी सोडून उठून बघायला आले. थेंब क्षणभर मध्येच रेंगाळला, मग सरळ तळाशी गेला. काकांनी परत जाऊन माझ्या फॉर्मवर रक्तगट लिहिला आणि हाक मारली, "ताई, खाट नंबर तीन."