निकालाच्या दिवशीचे चार्ट

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं छोटं ऑफिस आहे. एका ब्रोकरचं काम बघते. गिऱ्हाईक म्हणजे पावसकडचे आंबा बागायतदार, मिरकरवाड्याचे नौकामालक आणि पेन्शन व्याजावर पुरत नाही म्हणून बाजारात उतरलेले निवृत्त लोक. गुंतवणूक सल्लागार म्हणून माझी सेबीकडे, म्हणजे बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी नाही, त्यामुळे 'विका' नि 'ठेवा' हे दोन शब्द मी तोंडातून काढत नाही. चार्ट मात्र दाखवते, आणि तो झटकन दाखवता यायला हवा. फोन धरून वाट बघणाऱ्या माणसाला आपण नावं शोधत बसलोय हे कळलं की तो अजून घाबरतो.

२०२४ सालचा ४ जून. लोकसभेचा निकाल. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले होते, सोमवारी बाजाराचा निर्देशांक निफ्टी सव्वातीन टक्के उसळून २३,२६३ वर बंद झाला होता. तोवरचा उच्चांक. सरकारी कंपन्यांचे शेअर तर सुसाट होते. हापूसचा हंगाम आटोपत आलेला, कॅनिंगला दिलेल्या आंब्याचे पैसेही काहींच्या हातात पडलेले, त्यामुळे सोमवारी खरेदीला उत्साह जरा जास्तच. शिवाय १ जूनपासून मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर आणि मालक माझ्या ऑफिसात, चहा पीत.

तयारी मी रविवारीच करून ठेवली होती. आमच्या लोकांकडे जे शेअर जास्त आहेत, त्यांची ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या सॉफ्टवेअरवर एक वॉचलिस्ट, म्हणजे नजर ठेवायची यादी. सरकारी कंपन्या सलग एकाखाली एक, त्यांना लाल झेंडा. मग प्रत्येकाचा आठवड्याचा चार्ट (त्यात एक कँडल, म्हणजे एक उभी कांडी, एका आठवड्याचा भाव दाखवते) उघडून, जिथे भाव पूर्वी थांबून वळला होता तिथे ऑल्ट-एचने आडवी रेघ. एका शेअरला दोन रेघा, फार तर तीन. हे काम बाजार बंद असतानाच करावं. चालू बाजारात रेघा मारायला बसलं की हात भावाच्या मागे पळतो आणि रेघ आपल्याला हवी तिथे पडते.

पडद्याचे तीन भाग केले होते: डावीकडे आठवड्याचा चार्ट, उजवीकडे वर रोजचा, खाली पंधरा मिनिटांचा. तिन्हींचं नाव एकमेकांना जोडलेलं. वॉचलिस्टमध्ये स्पेसबार दाबला की तिन्ही भाग पुढच्या शेअरवर जातात, शिफ्ट धरून दाबला की मागे येतात. एखादा शेअर यादीत नसेल तर चार्टवर सरळ अक्षरं टाइप करायची, शोधायची खिडकी आपोआप उघडते. आकडा टाइप करून एंटर मारला की तेवढ्या मिनिटांचा चार्ट. चार्ट ओढाताणीत कुठेतरी हरवला तर ऑल्ट-आर. एवढ्यावर माझं भागतं. समोरच्या टेबलावर एक तरुण मुलगा लॅपटॉप घेऊन बसतो, त्याच्या चार्टवर इंडिकेटरची, म्हणजे भावावरून गणित करून काढलेल्या जादा रेघांची, इतकी गर्दी की मूळ कँडल शोधावी लागते. त्या दिवशी त्याचा पडदा गोगलगायीसारखा सरकत होता. मी काही बोलले नाही, पण आवाज न करता हसले.

सव्वानऊला बाजार उघडला तोच खाली. कल जसजसे येत गेले तसतशी घसरण वाढली. भर दुपारी निफ्टी २१,२८१ पर्यंत गेला, म्हणजे आदल्या दिवसाच्या बंद भावापासून साडेआठ टक्के. मध्येच लाईट गेली, इन्व्हर्टरवर काम सुरू. फोन एकामागून एक. "मॅडम, एनटीपीसी?" स्पेसबार. "कोल इंडिया?" स्पेसबार. "ओएनजीसी?" तो समोरच होता. प्रत्येकाला मी एकाच क्रमाने सांगत होते: आधी आठवड्याच्या चार्टवर भाव रविवारच्या रेघेच्या वर आहे की खाली, मग रोजचा, पंधरा मिनिटांचा सगळ्यात शेवटी आणि विचारलं तरच. स्वतःच्या मोबाईलवर माणूस नेमका उलटा बघतो. पाच मिनिटांचा चार्ट, त्यात सॉफ्टवेअर भावाला ताणून पडदाभर करतं, मग दीड टक्क्याची घसरणही कडा कोसळल्यासारखी दिसते. हिंदुस्तान युनिलिव्हर त्या दिवशी वर होता, हे बऱ्याच जणांना माझ्याकडून कळलं. लाल आकड्यांतून कुणी बाहेरच आलं नव्हतं.

साडेबाराच्या सुमारास सर आले. शाळेत मला गणित शिकवायला होते. छत्री दाराशी टेकवली, मोबाईल माझ्यापुढे धरला.

"अगो, सगळं गेलं काय?"

त्यांच्याकडे ओएनजीसी, एनटीपीसी आणि एक सरकारी बँक. तिन्ही दाखवले. मान हलली, पण मन काही हललं नाही. म्हणाले, "मी २००४ चा निकालही बघितलाय. तेव्हा असं नव्हतं."

निफ्टीचा आठवड्याचा चार्ट लावला, वीस वर्षं एका पडद्यात बसवली. ऑल्ट-जी दाबून तारीख टाकली, १७ मे २००४. तिथे खरंच काही नव्हतं. रेघ जवळजवळ सपाट, जमिनीला चिकटलेली. नौकामालकही उठून मागे उभे राहिले.

"बघा," सर म्हणाले.

मग ऑल्ट-एल. मोजपट्टी लॉगवर गेली आणि डाव्या कोपऱ्यातून ती मोठी शेपटी खाली लोंबताना दिसली. त्या दिवशी निफ्टी सव्वाबारा टक्के पडून १,३८८ वर बंद झाला होता, मध्ये व्यवहार थांबवावे लागले होते. आजची घसरण तिच्यापेक्षा आखूड.

"आधी का नाही दिसली?" नौकामालकांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "शंभराचे एकशेदहा झाले काय नि हजाराचे अकराशे झाले काय, लॉगमध्ये उंची तीच. साध्या मोजपट्टीत दोनशे पॉइंट म्हणजे दोनशेच, मग निफ्टी दीड हजारावर असो की बावीस हजारावर. आम्ही पोरांना लॉगची टेबलं पाठ... नाही, पाठ नाही, बघायला शिकवायचो." आणि बाजूच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी खरोखरच दोन मोजपट्ट्या काढून दाखवल्या, पेन्सिल मागून. फोन वाजत होता, मी तो उचलला.

हे सगळं बघूनही त्यांनी एनटीपीसी अर्धा विकलाच. माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं. पैसा त्यांचा, झोपही त्यांची.

साडेतीनला निफ्टी २१,८८४ वर बंद झाला, पावणेसहा ते सहा टक्क्यांच्या दरम्यान खाली. तरी फोन काही थांबेनात, आता सगळ्यांना रत्नागिरी-सिंधुदुर्गचा निकाल हवा होता. भावाने ज्या रेघा मोडल्या त्यांचा मी रंग बदलला, टिकल्या त्या तशाच ठेवल्या आणि वॉचलिस्टमधले झेंडे नव्याने लावले.

शुक्रवारी, ७ जूनला, निफ्टी २३,२९० वर बंद झाला. सोमवारचा बंद भाव ओलांडून. संध्याकाळी सरांचा फोन आला. मी मनात एनटीपीसीचं उत्तर तयार ठेवलं होतं.

"अगो, त्या मोबाईलवरच्या ॲपात लॉगचं बटण कुठे असतं? मघापासून शोधतोय."

त्यांच्या ॲपात ती सोय नव्हती. तसं सांगितल्यावर त्यांनी ॲप बनवणाऱ्याला गणितात किती गुण पडले असतील याचा अंदाज केला आणि फोन ठेवला. अर्ध्या विकलेल्या शेअरबद्दल चकार शब्द नाही.