दोनशे फुटांच्या आतली माणसं

आमच्या ऑफिसात येणारा दर दुसरा माणूस खुर्चीत टेकता टेकता एकच प्रश्न विचारतो, "जागा माझी, पैसे माझे, मग गावाची परवानगी कशाला?" मराठी असो, गुजराती असो की तीन पिढ्या इथेच मुरलेला इटालियन, प्रश्न तोच. मी आधी चहा घेणार का ते विचारतो, कारण उत्तराला वेळ लागतो.

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत, ओक ट्री रोडपासून दहा मिनिटांवर, आमची सहा माणसांची फर्म आहे. मोजणी दुसरा करतो, घर तिसरा बांधतो, पाटी चौथा ठोकतो. जी जागा किंवा जी पाटी गावाच्या झोनिंगच्या नियमांत बसत नाही तिच्यासाठी सूट मागणं, म्हणजे 'व्हेरियन्स' काढणं, हे आमचं काम. नकाशे काढायचे, अर्ज भरायचा आणि संध्याकाळी सातला टाउन हॉलमध्ये हात वर करून शपथेवर साक्ष द्यायची.

माझे वडील सांगली जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. मोजणीच्या तारखेआधी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कधीकधी त्यांच्यामागून शेतात जायचो. एकदा एक लगतदार आलाच नव्हता. सगळे म्हणाले, करून टाका हो, त्याचं काय अडलंय. वडिलांनी साखळी गुंडाळली आणि आम्ही तसेच एसटीने परत आलो. मला राग आला होता, कारण मोजणी मागणाऱ्याच्या घरी जेवायला पुरणपोळी होती. त्या नोटिशीची किंमत मला बऱ्याच वर्षांनी आणि बऱ्याच डॉलरांत कळली.

वालचंदमधून सिव्हिल करून मी १९९८ साली इकडे आलो. दहा वर्षं एका मोठ्या फर्ममध्ये काढली. त्या काळात इंजिनिअरचं लायसन्स मिळवलं, मग प्लॅनरचं, म्हणजे नगररचनाकाराचंही. न्यू जर्सीत प्लॅनरलाही राज्याचं लायसन्स लागतं. २००९च्या फेब्रुवारीत फर्मने एका शुक्रवारी चौदा जणांना घरी पाठवलं, त्यात मी होतो. धंदा काढायचं धाडस वगैरे काही नव्हतं, नोकरीच नव्हती. तळघरात वॉशिंग मशीनशेजारी नकाशे काढायचा एक जुना प्लॉटर आणून ठेवला. कपडे धुवायला लावले की रेघा थरथरायच्या, म्हणून कपडे रविवारी.

पहिल्या वर्षी सगळी कामं मागच्या अंगणातल्या डेकची, म्हणजे लाकडी ओट्यांची. नवीन घरं कोणी बांधत नव्हतं, पण लोक आहे त्या घराला काहीतरी जोडत होते. आणि जोडायला गेलं की लक्षात यायचं, घर आधीच नियमाबाहेर आहे.

याचं कारण जुनं आहे. झोनिंग म्हणजे कुठे राहायचं, कुठे दुकान, कुठे कारखाना, किती उंच आणि हद्दीपासून किती आत, याचे नियम. न्यूयॉर्क शहराने ते १९१६ साली केले आणि १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच सुमारास इथल्या शेतांचे नकाशे पाडून पंचवीस-पंचवीस फुटी प्लॉट विकले गेले होते. पुढे गावांनी किमान रुंदी वाढवत नेली. आज एखाद्या गावाला दर्शनी पंचाहत्तर फूट हवेत आणि आजोबांनी घेतलेला प्लॉट पन्नास फुटांचा, असं सर्रास दिसतं.

अशा प्लॉटवर घर बांधायचं तर सूट मिळू शकते. राज्याचा १९७५चा जमीनवापर कायदा त्यासाठीच दार ठेवतो. पण त्या दारातून जायचं तर अडचण जमिनीची असावी लागते, माणसाची चालत नाही. प्लॉट अरुंद आहे, त्रिकोणी आहे, मधून ओढा जातो, हे चालतं. सासूबाईंना जिना चढवत नाही, हे चालत नाही. मला हा नियम आजही निर्दय वाटतो. पण सासूबाई पाच वर्षांनी नसतील आणि बांधकाम पन्नास वर्षं राहील, असा त्यामागचा हिशेब आहे. शिवाय दुसरी बाजूही सिद्ध करावी लागते, की ही सूट दिल्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचं आणि गावाच्या आराखड्याचं फारसं बिघडणार नाही.

लहान प्लॉटच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. गावाचं झोनिंग बोर्ड, म्हणजे असे अर्ज ऐकून मत देणारी समिती, विचारतं, शेजारची चार फूट जमीन विकत घ्यायचा प्रयत्न केलात का? नाहीतर तुमचा प्लॉट शेजाऱ्याला रास्त भावात देऊ केलात का? तशी पत्रं लिहून, त्यांची उत्तरं जोडून न्यावी लागतात. सगळ्यांत अवघड काम असतं ते लगतचे दोन प्लॉट नावावर असलेल्याला समजावण्याचं. एका काकांना वाटत होतं, एकावर आपण राहतो, दुसरा मुलासाठी. टॅक्सची बिलं दोन, नंबर दोन. पण लगतचे दोन अपुरे प्लॉट एकाच मालकाच्या हाती आले की इथला कायदा बहुतेक वेळा त्यांना एकच धरतो, आणि मग वेगळे करायला पुन्हा परवानगी. काका म्हणाले, "म्हणजे बायकोच्या नावावर घेतला असता तर?" मी म्हटलं, "काका, हे तीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतंत." ते आमच्याकडे पुन्हा आले नाहीत.

आपल्याकडे 'हार्डशिप', म्हणजे जागेच्या अडचणीपोटी सूट, म्हटलं की आर्किटेक्ट आधी प्रीमियमचा, म्हणजे त्या सुटीसाठी भरायच्या रकमेचा आकडा काढतो. इथे प्रीमियम नाही, पण खर्च आहे. बोर्डाचा इंजिनिअर तुमचा नकाशा तपासतो, बोर्डाचा वकील ठरावाचा मसुदा लिहितो आणि दोघांची बिलं तुम्ही आधीच भरलेल्या अनामतीतून जातात. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू नियम मीच केलाय.

आता २०११ची गोष्ट. एक तरुण जोडपं, कोपऱ्यावरचा पन्नास फुटी प्लॉट, गावाच्या अगदी वेशीवर. नकाशे मी इतके सुरेख काढले होते की स्वतःच्याच प्रेमात होतो. कायदा म्हणतो, जागेच्या हद्दीपासून दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्या, हातोहात किंवा सर्टिफाइड पोस्टाने. पेपरातही जाहिरात द्या. मालकांची यादी गावच देतं, फी दहा डॉलर किंवा नावामागे पाव डॉलर, जे जास्त असेल ते. मी यादी घेतली, एकतीस पाकिटं पाठवली, पावत्या लावल्या.

सुनावणीला एक बाई उठल्या. शांतपणे म्हणाल्या, "मी रस्त्यापलीकडे राहते. मला पत्र आलं नाही." रस्त्यापलीकडे दुसरं गाव होतं. माझ्या गावाच्या यादीत पलीकडच्या गावातली घरं कशी असणार? ती यादी त्या गावाकडून वेगळी घ्यायची असते, आणि त्या गावाच्या क्लार्कलाही नोटीस द्यायची असते. बोर्डाच्या वकिलाने फाइल मिटली. नोटीस अपुरी तर बोर्डाला अधिकारच नाही. नकाशा बघितलाही नाही कोणी. तारीख पुढे गेली, बँकेने दिलेल्या व्याजदराची मुदत संपली आणि त्या जोडप्याने तो प्लॉट सोडला. चूक सर्वस्वी माझी होती. मी फी परत केली, पण त्याने काय होतं?

त्या रात्री वडिलांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लगतदार राहिला का रे?"

दुसऱ्या महिन्यापासून बायको फर्ममध्ये आली. ती आधी एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम बघायची. कागदावर तिचा विश्वास नाही, हा तिचा मोठा गुण. यादी आली की ती नकाशावर कंपासने दोनशे फुटांची रेघ स्वतः ओढते, मग गाडी काढून चक्कर मारते. राज्याचा हायवे लागून आहे का, काउंटीचा रस्ता आहे का, कारण त्यांनाही नोटीस लागते. पोस्टाच्या पावत्या बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात जातात. असे सतरा डबे झालेत. बोर्डाने आमची नोटीस त्यानंतर एकदाही परत केलेली नाही, आणि याचं श्रेय मी घेऊ नये, असा घरचा नियम आहे.

पाट्यांचं काम अपघाताने आलं. एका रुग्णालयाला इमर्जन्सीच्या दाराकडे नेणारी पाटी हवी होती. रुग्णालय जुनं, भोवती घरं, त्यामुळे झोन राहण्याचा. त्या झोनमध्ये पाटी जास्तीत जास्त चोवीस चौरस फूट. दवाखान्याची असो की चर्चची, माप एकच. इथली कोर्टं रुग्णालयाला मुळातच लोकोपयोगी मानतात, आणि वापराची परवानगी मागताना ते कामी येतं. पण इमारत लोकोपयोगी म्हणून तिची पाटी आपोआप मंजूर होत नाही. बोर्डाकडे बोर्ड मागायला गेलात तर बोर्ड विचारणारच, एवढा मोठा कशाला?

याचं उत्तर मला सुंदर वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी ढोबळ हिशेब असा, की अक्षराच्या दर इंच उंचीला तीस फुटांवरून वाचता येतं. तो रस्ता ताशी चाळीस मैलांचा. म्हणजे गाडी सेकंदाला साधारण एकोणसाठ फूट जाते. चोवीस चौरस फुटांत नाव, बाण आणि 'इमर्जन्सी' हे इंग्रजीतलं नऊ अक्षरी प्रकरण कोंबलं तर अक्षरं जेमतेम सहा इंची. एकशे ऐंशी फूट, म्हणजे तीन सेकंद. तेवढ्यात वाचायचं, आरशात बघायचं, लेन बदलायची आणि वळायचं, आणि मागच्या सीटवर कोणीतरी छाती धरून बसलेलं. अक्षरं बारा इंची केली तर सहा सेकंद मिळतात. त्यासाठी आम्हाला छप्पन्न चौरस फूट हवे होते. मी स्टॉपवॉच घेऊन तो रस्ता दिवसा, रात्री आणि पावसात गाडीने पालथा घातला.

अर्ज टाकण्याआधी बायको म्हणाली, समोरच्या घरांत जाऊन येऊ. पाटीच्या मापाचा कापडी फलक दोन खांबांवर, नेमक्या उंचीवर बांधला आणि रात्री दिवा मारून शेजाऱ्यांना बोलावलं. कोपऱ्यावरचे आजोबा सगळ्यांत तापलेले. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या छतावर तांबडा उजेड पडत होता. पण बोलता बोलता त्यांनी भलतंच सांगितलं. त्यांची गल्ली पुढे बंद आहे आणि रात्री-अपरात्री रुग्णालय शोधणाऱ्या गाड्या तिथेच घुसतात. एकदा एका मुलाचे वडील पोराला कडेवर घेऊन त्यांच्याच दारावर थापा मारत होते. हे ना आमच्या नकाशात होतं, ना रुग्णालयाच्या कागदात.

आम्ही पाटी त्यांच्या गल्लीच्या अलीकडे सरकवली. प्रकाश रात्री आपोआप कमी होईल असं यंत्र घातलं. रुग्णालयाचं नाव आणि चिन्ह अकराला बंद होणार, फक्त लाल 'इमर्जन्सी' आणि बाण जळत राहणार. सुनावणीत रुग्णालयाच्या वकिलाने मला तासभर प्रश्न विचारले, कारण कंपनी किंवा संस्थेला इथे वकिलाशिवाय बोर्डापुढे येता येत नाही. मी सेकंदांचा हिशेब मांडला. मग आजोबा माइकपाशी आले. पाटी आपल्याला अजूनही आवडलेली नाही, असं त्यांनी आधी बजावलं आणि मग त्या बापाची गोष्ट सांगितली. सभासदांनी लिहिणं थांबवलं होतं. सूट मिळाली, प्रकाशाची अट ठरावात लिहून. आजोबांनी पुढे दोनदा तक्रार केली, यंत्र सात मिनिटं उशिरा चालतं म्हणून. खरंच चालत होतं.

त्यानंतर रुग्णालयांची, दवाखान्यांची कामं येत गेली. मध्येच सुप्रीम कोर्टाने २०१५ साली ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाच्या खटल्यात निकाल दिला, की मजकूर बघून पाट्यांना वेगवेगळी मापं लावता येणार नाहीत. गावांनी आपले पाट्यांचे नियम पुन्हा लिहायला घेतले आणि आमचा मेहनतीने केलेला पाट्यांच्या मापांचा तक्ता रद्दीत गेला. कोविडमध्ये सुनावण्या झूमवर आल्या. त्याबद्दल एवढंच सांगतो, की शपथेवर साक्ष देताना मागून कुकरची शिट्टी झाली ती आमच्या घरातली होती.

हरलोही आहोत. एका फिजिओथेरपिस्ट ताईंना राहत्या घराच्या तळमजल्यावर दवाखाना काढायचा होता. हा वापरच बदलण्याचा अर्ज, त्याला सातपैकी पाच मतं लागतात. आम्हाला चार पडली. ताई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "चार-तीन म्हणजे आपण जिंकलो ना?" पार्किंगमध्ये मी त्यांना पाच मतांचा नियम पुन्हा समजावला. आधी तीनदा सांगितला होता, पण माणूस आकडा ऐकतो तो आशेने.

ऑफिस आता तळघरात नाही, एका बेकरीच्या वर आहे. आमचा ड्राफ्ट्समन मूळचा पेरूचा. तो आल्यापासून नकाशे माझ्यापेक्षा सरस होतात. एका मुलीला प्लॅनरच्या परीक्षेला बसवलंय. मोठ्या मॉलची कामं दोनदा आली आणि दोनदा नाकारली. त्यांच्या दोनशे फुटांत पार्किंगच असतं, बायकोला चक्कर मारायला कोणी उरत नाही.

सध्या टेबलावर एक त्रिकोणी प्लॉट आहे, जुन्या रेल्वेलाइनला लागून. यादीत बावीस नावं आली. बायकोच्या कंपासात तेवीस घरं बसतात. तेविसावं कोणाचं ते बघायला ती आत्ताच गाडी घेऊन गेली आहे.