लॉटवरची सही

सोलापूरच्या टॉवेल कारखान्यांत ज्यांनी तपासणीचे काम केले आहे, त्यांना ‘रंग पक्का’ हे दोन शब्द किती जपून उच्चारावे लागतात हे वेगळे सांगायला नको. रंगवलेल्या लॉटमधून एक तुकडा कापायचा, त्याला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा शिवायचा, दोन्ही साबणाच्या गरम पाण्यात ठरावीक वेळ फिरवायचे आणि वाळल्यावर पांढऱ्या कापडावर रंग उतरला आहे का ते उजेडात धरून पाहायचे, इतकीच ही परीक्षा असते. ती झाल्यावर तपासनीस लॉटच्या कार्डावर सही करतो. त्या सहीचा अर्थ ‘रंग पक्का असावा असे मला वाटते’ असा होत नाही. ‘मी पाहिले आहे’ असा होतो.

१९९६ साली मी अशी एक सही न पाहता केली होती. गर्द निळ्या रंगाचा लॉट होता, गाडी दारात उभी होती, मालक दर दहा मिनिटांनी खाली येऊन विचारत होते आणि याच रंगाचे मागचे तीन लॉट उत्तम निघाले होते. चौथाही तसाच असणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुढे माल परत आला. पहिल्याच धुण्यात निळ्या टॉवेलांनी ग्राहकाच्या पांढऱ्या चादरी रंगवल्या होत्या. मालकांनी कार्ड समोर ठेवून एकच प्रश्न विचारला, “सही कोणाची?” मी प्रामाणिक समजुतीने सही केली होती की लबाडीने, याची चौकशी त्यांनी केली नाही, आणि करायला हवी होती असे मलाही कधी वाटले नाही.

ही जुनी गोष्ट आठवण्याचे कारण आमचे अण्णा. ते डाइंग मास्तर, म्हणजे कापड रंगवण्याच्या खात्याचे प्रमुख, म्हणून निवृत्त झाले. सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे आम्ही बरोबर फिरायला जातो. टीव्हीवर रोज कुठल्या ना कुठल्या युद्धाच्या बातम्या पाहून मध्यंतरी त्यांनी विचारले, “काय हो, लोकांना चुकीचे सांगून युद्धात नेणाऱ्यांचे पुढे काय होते?” मी म्हणालो, “बहुधा काहीच होत नाही.” त्यांना ते पटले नाही. त्यांच्यासाठी, आणि खरे तर माझ्यासाठीही, हे सविस्तर लिहितो आहे. मुख्य उदाहरण अमेरिका आणि ब्रिटनने २००३ मध्ये इराकवर केलेल्या युद्धाचे घेतो, कारण तिथे काय ठाऊक होते आणि काय सांगितले गेले, या दोन्हींचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात.

२४ सप्टेंबर २००२ रोजी ब्रिटिश सरकारने इराकच्या शस्त्रास्त्रांविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या नावाने तिला प्रस्तावना होती आणि इराकचे सत्ताधीश सद्दाम हुसेन रासायनिक व जैविक शस्त्रे तयार करीतच आहेत, हे गुप्तवार्तांवरून निःसंशय सिद्ध झाले आहे, असे तीत म्हटले होते. त्याच सरकारच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लिहून ठेवले होते की, इराकच्या या कार्यक्रमांविषयीची माहिती अधूनमधून मिळणारी आणि तुटक आहे. ‘तुटक’ या शब्दापासून ‘निःसंशय’ या शब्दापर्यंतचा प्रवास सहा महिन्यांत झाला, आणि तेवढ्या काळात माहितीत पडलेली भर हा प्रवास समर्थनीय ठरावा इतकी मुळीच नव्हती. इराक ४५ मिनिटांत ही शस्त्रे वापरण्यास सज्ज होऊ शकतो, असाही दावा पुस्तिकेत होता. मुळात ती बातमी रणांगणावर वापरायच्या छोट्या पल्ल्याच्या शस्त्रांबद्दलची होती. पण पुस्तिकेत तसा खुलासा नव्हता, वृत्तपत्रांनी तिचे भडक मथळे केले, आणि ते मथळे दुरुस्त करण्याची घाई सरकारला झाली नाही. लोकांनी चुकीचे समजून घ्यावे आणि आपण गप्प राहावे, हाही दिशाभुलीचाच एक प्रकार आहे, किंबहुना अधिक सोयीचा, कारण त्यात आपल्या तोंडून खोटा शब्द निघालेला नसतो.

१७ मार्च २००३ रोजी रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. ते पूर्वी परराष्ट्रमंत्री होते, आणि रूढ अर्थाने ज्यांना महासंहारक शस्त्रे म्हणतात तशी इराककडे बहुधा नसावीत, असे त्यांनी सभागृहात उभे राहून सांगितले. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली. पुढे शोध घेणाऱ्या पथकाला शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. ब्रिटनचे १७९ सैनिक व लष्करी कर्मचारी मृत्युमुखी पडले. इराकी मृतांची संख्या जुलै २००९ पर्यंत किमान दीड लाख, आणि बहुधा त्याहून पुष्कळ अधिक, असे पुढे ब्रिटनच्याच चौकशीने नमूद केले. त्यांतले बहुसंख्य सामान्य नागरिक होते.

मग चौकशा झाल्या. एकापाठोपाठ एक झाल्या. पुस्तिकेतील दावे फुगवले गेले अशी बातमी बीबीसीने २००३ मध्ये दिली होती. त्या बातमीचा स्रोत म्हणून ज्यांचे नाव बाहेर आले, त्या शस्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली यांचा त्याच जुलैमध्ये मृत्यू झाला आणि त्यावर हटन चौकशी बसली. तिचा निष्कर्ष जानेवारी २००४ मध्ये आला, तेव्हा राजीनामे देऊन घरी गेले ते बीबीसीचे अध्यक्ष, महासंचालक आणि ती बातमी देणारा पत्रकार. लॉट पास करणारा आपल्या जागी राहिला आणि रंग जातो आहे असे ओरडणाऱ्यांना काढले, असेच आमच्या भाषेत म्हणावे लागेल. बातमीतही चुका होत्या, हे मान्य केले तरी शिक्षेचा हा क्रम मला आजवर पचलेला नाही.

सर्वांत मोठी चौकशी सर जॉन चिल्कॉट यांची. ती २००९ मध्ये सुरू झाली आणि तिचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला, १२ खंडांचा, सुमारे २६ लाख शब्दांचा. शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच युद्धाचा मार्ग निवडला गेला आणि त्या वेळी लष्करी कारवाई हा शेवटचा उपाय नव्हता, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शस्त्रांच्या धोक्याविषयीची मते असमर्थनीय अशा खात्रीने मांडली गेली, असेही म्हटले आहे. ब्लेअर खोटे बोलले, असे मात्र त्यात कुठेही म्हटलेले नाही. ब्लेअर यांनी त्याच दिवशी दुःख आणि खेद व्यक्त केला, क्षमेचा शब्दही वापरला, आणि निर्णय सद्भावनेने घेतला होता असे पुन्हा सांगितले.

इथेच सारे अडते, असे मला वाटते. विरोधक ‘ते खोटे बोलले’ हे सिद्ध करू पाहतात, समर्थक ‘त्यांचा खरोखरच तसा विश्वास होता’ असे उत्तर देतात, आणि माणसाच्या अंतःकरणात डोकावण्याचे यंत्र कोणाकडेच नसल्याने संशयाचा फायदा शेवटी सत्तेवरच्या माणसाला मिळतो. माझा मुद्दा असा आहे की, हा प्रश्नच चुकीचा आहे. ब्लेअर यांचा विश्वास होता, हे मी मान्य करायला तयार आहे. निळ्या लॉटबद्दल माझाही होता. लोकांना सांगितली गेलेली चुकीची गोष्ट ‘इराककडे शस्त्रे आहेत’ ही नव्हती. ती ‘आम्हाला हे निश्चित ठाऊक आहे’ ही होती. पहिली गोष्ट इराकच्या वाळवंटात शोधावी लागते. दुसरी पंतप्रधानांच्या टेबलावरच्या कागदांतच तपासता येते, आणि त्या कागदांत शंका स्पष्ट लिहिलेल्या होत्या.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाकाऊ नाही. राज्य चालवणाऱ्याला अपुऱ्या माहितीवरच निर्णय घ्यावे लागतात. प्रत्येक चुकीबद्दल त्याला शिक्षा केली तर कोणी निर्णयच घेणार नाही. हे खरे आहे. कारखान्यातही परीक्षेला वेळ नसताना माल पाठवावा लागे. पण तेव्हा कार्डावर ‘न तपासता’ असा शेरा मारून मालकांची सही घ्यायची, म्हणजे जोखीम कोणी उचलली ते सर्वांना ठाऊक असे. चूक क्षम्य असू शकते. शेरा पुसून टाकणे क्षम्य नाही, कारण त्यामुळे जोखीम उचलायची की नाही हे ठरवण्याचा ज्यांचा हक्क होता, त्या खासदारांकडून आणि ज्यांची मुले लढायला जाणार होती त्या कुटुंबांकडून तो हक्क न विचारता काढून घेतला गेला.

३० नोव्हेंबर २०१६ रोजी कॉमन्स सभागृहात एक प्रस्ताव आला. ब्लेअर यांनी सभागृहाची दिशाभूल केली का, हे चिल्कॉट अहवालाच्या आधारे समितीने तपासावे, एवढीच मागणी होती. तो प्रस्ताव ७० विरुद्ध ४३९ मतांनी फेटाळला गेला. २०१७ मध्ये खाजगी फौजदारी खटल्याचा प्रयत्न झाला, तेव्हा आक्रमक युद्धाचा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यात अस्तित्वातच नाही, असे सांगून उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. आता याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहा. जून २०२३ मध्ये त्याच सभागृहाच्या समितीने माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना दोषी ठरवले आणि सभागृहाने ३५४ विरुद्ध ७ मतांनी तो अहवाल स्वीकारला. जॉन्सन यांचा दोष काय? करोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधान कार्यालयात झालेल्या मेजवान्यांविषयी त्यांनी सभागृहाची दिशाभूल केली होती. ते योग्यच झाले. म्हणजे यंत्रणा नव्हती असे नाही. समिती होती, नियम होते, मतदान होते. मेजवान्यांसाठी जे चालले ते युद्धासाठी चालले नाही. याचे कारण मला असे दिसते की, मेजवानीला बहुतेक खासदार गेलेले नव्हते, युद्धाला मात्र सभागृहाने स्वतः संमती दिलेली होती, आणि आपल्याच मताची चौकशी करायला सभागृहे फारशी उत्सुक नसतात.

अमेरिकेतील जुना दाखला याच जातीचा आहे. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात आपल्या नौकांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याचे सांगून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सरकारने संसदेकडून व्हिएतनामसाठी मोकळा हात मागितला. प्रतिनिधिगृहात विरोधात एकही मत पडले नाही. सिनेटमध्ये दोनच पडली, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग यांची. ४ ऑगस्टचा तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, असा निष्कर्ष पुढे अमेरिकी गुप्तवार्ता यंत्रणेच्याच इतिहासकाराने काढला. मोर्स आणि ग्रुनिंग दोघेही १९६८ मध्ये आपापल्या जागा गमावून बसले. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते चालता चालता थांबले आणि म्हणाले, “म्हणजे पोरांनो, गप बसा, असाच धडा झाला की हा.”

आपल्याकडचे पाहिले तर चित्र उलट दिसते. १९६२ चे युद्ध लोकांना फसवून सुरू केलेले नव्हते. पण सीमेवरच्या तयारीविषयी देशाला जे सांगितले जात होते आणि प्रत्यक्षात जे होते, त्यांत मोठे अंतर होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ऑक्टोबरअखेर ते खाते सोडावे लागले, नोव्हेंबरात मंत्रिमंडळातूनही जावे लागले, आणि संरक्षणमंत्री म्हणून महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आमच्या पिढीने शाळेतच पाठ केले. मात्र त्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये तयार झाला तरी तो सरकारने अधिकृतपणे लोकांसमोर ठेवलेला नाही. ब्रिटनमध्ये पुष्कळ कागद उघडे झाले आणि युद्धात नेणाऱ्यांपैकी किंमत कोणी मोजली नाही. आपल्याकडे मंत्र्याने किंमत मोजली आणि कागद बंद राहिले. यांतले काय अधिक वाईट, यावर आमचे दोन सकाळी भांडण झाले आणि ते मिटलेले नाही.

इराकच्या बाबतीत मात्र आपण बरे वागलो. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने युद्धाविरुद्ध ठराव केला, तोही हिंदीत ‘निंदा’ म्हणावे आणि इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द घालावा अशी कसरत करून. पुढे अमेरिकेने इराकमध्ये सैन्य पाठवण्याची विनंती केली, तेव्हा वाजपेयी सरकारने बराच खल करून १४ जुलै रोजी नकार दिला. तो खल उघडपणे, वृत्तपत्रांतून, विरोधकांना विश्वासात घेऊन झाला होता, याला मी फार महत्त्व देतो.

तुरुंगवास किंवा खटला ही उत्तरदायित्वाची एकमेव रूपे आहेत असे मी मानत नाही, आणि अण्णांची ती अपेक्षा मी बरीच खाली आणली आहे. सरकार जेव्हा गुप्तवार्तांच्या आधारे युद्धाची संमती मागते, तेव्हा मूळ मूल्यांकनातील शंका काटछाट न करता निदान संसदेच्या समितीपुढे याव्यात. खात्रीचा शब्द कोणी घातला त्याचे नाव नोंदलेले असावे. आणि तो शब्द कागदांशी जुळला नाही तर हेतू न विचारता पद जावे. यापेक्षा मोठी मागणी करण्याइतका विश्वास मला आता उरलेला नाही.

हे सगळे वाचून दाखवल्यावर अण्णांनी विचारले, “त्या प्रस्तावनेखाली नाव कोणाचे होते म्हणालात?” मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मी कपाटातील जुन्या फाइलमधून त्या निळ्या लॉटचे कार्ड काढले. मालकांनी ते मला त्याच दिवशी परत दिले होते आणि मी ते जपून ठेवले आहे. त्याला टाचलेला पांढरा कापडाचा तुकडा माल परत आल्यानंतरच्या परीक्षेतला आहे, अजूनही निळसर. खाली शाई फिकट झाली आहे, पण माझी सही वाचता येते.