साय की बदामी?

शेड कार्डावर सायीचा रंग आणि फिका बदामी यांत एकोणीस-वीसचा फरक. दुकानातल्या पांढऱ्याफटक ट्यूबखाली तर तोही कळत नाही. दसरा-दिवाळीच्या घाईत मग रंगाऱ्याला सांगितलं जातं, "कुठलाही मारा हो, दोन्ही सारखेच!"

कोऱ्या कागदावर दोन्ही शेड ठेवून बघा. सायीत पिवळी झाक वर येते, बदामीत बहुधा गुलाबी. बोटाएवढ्या चौकोनात ती लपते. चार भिंती समोरासमोर आल्या की एकीची झाक दुसरीवर पडते आणि रंग दाट होतो. म्हणून मनात भरलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकीच घ्यावी.

बाकी सगळं खिडकीवर. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधला पश्चिमेचा हॉल चारनंतर उन्हाने पेटतो. तिथे साय थेट हळदीकडे झुकते, बदामी सांभाळून घेते. उत्तरेच्या खोलीत उलटं. तिथल्या गार उजेडात बदामी मळकट दिसते, भिंतीवर चहा सांडून पुसल्यासारखी. तिथे सायच. दक्षिणेच्या खोलीचा निर्णय मात्र पावसाळ्यात करू नये. नाशिकात डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 46 अंशांवर असतो आणि ऊन पार पलंगापर्यंत आत येतं.

नमुना जुन्या पिस्ता भिंतीवर मारू नका, खालचा हिरवा डोकावतो. दोन फुटी हार्डबोर्डला प्रायमर, वर चार तासांच्या अंतराने दोन हात, कडेला दोन इंच पांढरी पट्टी. ओलं इमल्शन फिकं दिसतं, वाळलं की गडद. तेव्हा निकाल दुसऱ्या दिवशी. बोर्ड सकाळी, संध्याकाळी आणि दिवा लावून बघायचा, तोही उभा धरून. 3000 केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली दोन्ही जुळ्या बहिणी, 6500च्या पांढऱ्यात बदामी उदास.

खरा घोळ पुढेच. 10 बाय 12ची खोली, उंची 10 फूट: भिंती 440 चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता साधारण 400. डब्यावरच्या कव्हरेजने, म्हणजे लिटरमागे किती चौरस फूट रंगतात त्यावरून, हिशेब करून रंग एकदमच आणावा, बादलीत एकत्र ढवळावा. मागाहून आणलेला लिटर मशीनवर त्याच नंबरचा बनला तरी बॅच वेगळी, आणि या फिक्या रंगांत ठिगळ लगेच दिसतं. आणावाच लागला तर जोड भिंतीच्या मध्यावर नको, कोपऱ्यात घ्यावा.