एका फुटासाठी अडकलेली फाईल : माझा अनुभव

कॉलनीत मोकळी जागा आहे आणि मुलांना बास्केटबॉलचं मैदान हवंय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. आमचे पाच महिने गेले, तुमचे जाऊ नयेत. आणि खरं सांगायचं तर माझा राग अजून गेलेला नाही.

जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीची १०६ फूट बाय ६४ फूट मोकळी जागा आहे, साधारण सव्वासहा गुंठे. तिथे वर्षानुवर्षं वेड्या बाभळी आणि मांडवाच्या खांबांचे खड्डे, एवढंच होतं. माझी मुलगी शाळेच्या संघात खेळते, सरावाला रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. सभेत ठराव झाला, लेआउटच्या प्रती मिळाल्या, इंजिनिअरने नकाशा आणि अंदाजपत्रक करून दिलं. ऑगस्टमध्ये निधीचा प्रस्ताव कार्यालयात दिला.

सप्टेंबरात फाईल परत आली. शेरा दोन शब्दांचा : ‘जागा अपुरी’.

मी टेबलाशी गेले. भाऊसाहेबांच्या टेबलाच्या काचेखाली एक छापील तक्ता होता, कडा पिवळ्या पडलेल्या. बास्केटबॉलपुढे लिहिलं होतं, ९४ बाय ५० फूट. "मॅडम, चारी बाजूंनी दोन-दोन मीटर मोकळे लागतात. ९४ मध्ये तेरा मिळवा, १०७ झाले की ओ. तुमची जागा १०६."

बेरीज बरोबर होती, चूक ९४ मध्येच होती. ९४ बाय ५० फूट हे अमेरिकेतलं माप, एनबीएचं (तिथली व्यावसायिक लीग) आणि तिथल्या कॉलेजांचं. तिथल्या हायस्कूलचं मैदान तर ८४ फुटांचंच असतं. आपल्याकडे खेळ फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी चालतो आणि फिबाचं मैदान २८ बाय १५ मीटर. म्हणजे ९१ फूट १० इंच बाय ४९ फूट अडीच इंच. मोकळी जागा धरून लांबी १०५ फुटांच्या आसपास. आमच्या जागेत ते बसत होतं! मी हे तीनदा सांगितलं. उत्तर एकच, "तक्त्यात तसं नाही." वर सल्ला, "अर्धं करा की, थ्री बाय थ्रीचं." थ्री बाय थ्री म्हणजे तीन-तीन खेळाडूंचा, एकाच बास्केटवरचा खेळ. ते मैदान १५ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब असतं. खेळ छानच आहे, ऑलिंपिकमध्येही आहे, पण पाच जणींच्या संघाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावण्याचा सराव अर्ध्या मैदानावर कसा करायचा?

ऑक्टोबरात नियमपुस्तकातल्या पानाची प्रत जोडून फाईल पुन्हा दिली. नोव्हेंबरात परत. या वेळी ‘मापांत तफावत’. नकाशावर २८ मीटर, अंदाजपत्रकात ९२ फूट, माझ्या अर्जात ९१ फूट १० इंच. हे मात्र आमच्याकडून झालं होतं. म्हणून सांगते, सगळ्या कागदांवर फक्त मीटर लिहा. फूट लिहूच नका.

मग कार्यालयाने तज्ज्ञाचा अभिप्राय मागितला. मुलीच्या प्रशिक्षकांनी एका संध्याकाळात पत्र लिहून दिलं. सोबत मी एका पानावर दोन रकाने केले, एकात एनबीएची मापं, दुसऱ्यात फिबाची, आणि खाली आमच्या जागेची लांबी-रुंदी. ते पान घेऊन थेट मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं वाचलं आणि सही केली. दोन मिनिटं! जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मंजुरीचं पत्र हातात आलं आणि मी जिन्यातच मुलीला फोन लावला.

पुढचं काम पटापट झालं. फक्त आखणीच्या दिवशी जवळ उभे राहा. आमच्या पेंटरकडे जुना नकाशा होता, त्यात बास्केटखालचा पट्टा खाली पसरट, समलंब चौकोनासारखा, आणि तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवर. २०१० पासून पट्टा सरळ आयताकृती आहे, ४.९ मीटर रुंद, आणि तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर. पांढरा रंग ढवळून झाला होता तेवढ्यात लक्षात आलं. शिवाय २८ आणि १५ मीटर मोजायचे ते रेषेच्या आतल्या कडेपासून. रेषा स्वतः पाच सेंटिमीटरची असते, ती बाहेर जाते.

काटकोन तपासायला मिस्त्रींनी दोन्ही कर्णांवर सूत ताणलं. मी आधीच गणित करून ठेवलं होतं, ३१.७६ मीटर यायला हवे. पहिला कर्ण बरोबर, दुसरा सात सेंटिमीटर जास्त. एक खुंटी उपटून पुन्हा ठोकली. ऊन डोक्यावर आलं होतं, पण दुसऱ्यांदा दोन्ही कर्ण जुळले तेव्हाच आम्ही पाणी प्यायलो.

रिंग ३.०५ मीटरवर बसवली आहे. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलला ती २.६० मीटरवर असते, तेव्हा खाली-वर करता येणारा खांब घेता आला तर घ्या. आम्हाला हे उशिरा सुचलं.

आणि हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं : फाईल देताना प्रत्येक वेळी पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या. दुसऱ्या खेपेला "तुमची फाईल आलेलीच नाही" असं ऐकलं, तेव्हा पर्समधली ती चिठ्ठीच कामाला आली.